सुकाणूचे कुलमुखत्यारपत्र

स्वतःच्या हातांनी विमान बांधून ते पुरे झाल्यावर त्यात ऑटोपायलट बसविण्याचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याच्यापुढे एक तांत्रिक आणि एक आध्यात्मिक असे दोन प्रश्न एकदमच येऊन उभे राहतात. पैकी पहिल्याचे उत्तर बाजारात विकत मिळते, म्हणून दुसराही सुटला अशी त्याची समजूत होते. होटगी रस्त्याच्या विमानतळावरून २०२५ च्या जूनपासून गोव्याकडे विमान जाऊ लागले, तेव्हापासून आम्हा सोलापूरकरांना आकाशाकडे पाहण्याची जरा सवय झाली आहे. पण त्या विमानातील स्वयंचालन हा कारखान्यातून त्याच्याबरोबर आलेला जन्मजात गुण होय, आणि त्याविषयी कोणाला चिंता वाटण्याचे कारण नाही. माझे कुतूहल आहे ते घरी बांधलेल्या विमानाविषयी.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची सरकारदप्तरी नोंद झाली, आणि उड्डाणाचा परवाना हाती येण्यास २०१९ साल उजाडले. त्यांचे उदाहरण घेतो ते इतक्याचसाठी, की ज्याने गच्चीवर ऊनपाऊस सोसून, दप्तरांचे उंबरठे झिजवून एकेक पत्रा आणि एकेक रिव्हेट आपल्या देखत बसविला, त्याच्या ‘माझे’ या शब्दाला जे वजन असते ते विकत घेणाऱ्याच्या शब्दाला कधीच येत नाही. अशा विमानात मागाहून ऑटोपायलट घालावयाचा म्हणजे जे एकदा मिटविले ते पुन्हा उघडावे लागते. पंखाखालची आणि आसनामागची झाकणे काढून सर्व्हो नावाच्या दोन लहानशा मोटारी, एक डावीउजवीकडच्या कलासाठी आणि दुसरी चढउतारासाठी, सुकाणूच्या दांड्यांना जोडाव्या लागतात. होकायंत्राचा संवेदक लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवावा लागतो. वाढलेल्या वजनाचा आणि समतोलाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. आणि या साऱ्यांत जे भय खरोखर बाळगण्याजोगे, ते हे की सर्व्होचा छोटा हात आपल्या मर्यादेपलीकडे फिरून जोडदांड्याशी एका रेषेत आला, तर तो तेथेच अडकतो आणि सुकाणू जखडून टाकतो. म्हणून त्याला अडसर घालणे, हे या कामातील सर्वांत क्षुद्र दिसणारे आणि सर्वांत महत्त्वाचे कर्म होय.

ऑटोपायलटचा पहिला गाजलेला प्रयोग १९१४ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर झाला. लॉरेन्स स्पेरी नावाच्या अमेरिकन तरुणाने उडत्या विमानात दोन्ही हात वर केले, त्याचा सोबती मेकॅनिक पंखावर चालत गेला, आणि भिरभिरत्या जायरोस्कोपांच्या आज्ञेने विमान तरीही सरळ जात राहिले. प्रेक्षक चकित झाले ते विमान सरळ गेले म्हणून नव्हे, हात वर होते म्हणून. रिकाम्या हातांचे हे आश्चर्य मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण आपल्याकडे हात वर करण्याचे दोन अर्थ आहेत: एक शरणागतीचा, आणि दुसरा, जो कचेरीत अधिक चालतो, जबाबदारी झटकण्याचा.

कचेरीचा उल्लेख आलाच आहे, तर हा व्यवहार तिच्याच भाषेत सांगणे सोयीचे. ऑटोपायलट बसविणारा मनुष्य आपल्या सुकाणूचे कुलमुखत्यारपत्र लिहून देतो. मुखत्याराने केलेली वहिवाट धन्यावर बंधनकारक असते. मुखत्यार चुकला तरी जाब धन्यालाच द्यावा लागतो, आणि विमानाचा कायदाही सुकाणू कोणी धरले होते हे न पाहता विमानाच्या मुख्य वैमानिकालाच विचारतो. आमच्या गावी तर असल्या मुखत्यारीची एक आख्यायिका दरवर्षी साजरी होते. शिवचरणी लीन झालेल्या सिद्धराम नावाच्या योग्यांशी विवाह व्हावा असा हट्ट एका कुंभारकन्येने धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास अनुमती दिली. मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर आजही त्या विवाहाच्या अक्षता पडतात. दंड बोहल्यावर उभा राहिला आणि योगी अलिप्त राहिला. कर्म प्रतिनिधीकडे देऊन अलिप्त होता येते, असा याचा अर्थ कोणी करील, तर त्याला याच सिद्धरामांची दुसरी कथा सांगितली पाहिजे.

ती कथा शिवशरणांचे संवाद सांगणाऱ्या कन्नड ‘शून्यसंपादने’त आहे. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धराम शेकडो माणसे लावून तलाव खोदवीत असता अल्लमप्रभू हा शिवशरण तेथे आला आणि दगडमातीत रमलेला तो राम कोठे आहे, असे त्याने मुद्दाम उद्धटपणे विचारले. कामावरच्या लोकांनी त्याला दगड मारले. सिद्धराम स्वतः कोपाविष्ट होऊन धावून आला. आणि तो कोप हेच अल्लमाच्या म्हणण्याचे प्रमाण ठरले. तलाव लोकांसाठी होता, फावडी लोकांच्या हातांत होती, सिद्धरामाने कदाचित एक घमेलेही उचलले नसेल. तरी अपमान झाला तो कोणाचा? कर्म शेकडो मुखत्यारांत वाटले गेले होते आणि कर्तेपण मात्र अखंड एकाच जागी साठून राहिले होते. माझ्या मते ही कथा तलावाची निंदा करीत नाही. पुढे सिद्धराम कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला गेला, चेन्नबसवण्णाकडून त्याने दीक्षा घेतली, पण तलाव कोणी बुजविला नाही. त्याच्या मध्यभागी आज त्याचे मंदिर उभे आहे.

घरी विमान बांधणाऱ्याला सर्व्हो बसविताना जी अस्वस्थता वाटते तिचे मूळ येथे आहे असे मला वाटते. हात मोकळे होतात, पण ‘मी मोकळे केले’ हा अभिमान त्यांच्या जागी येऊन बसतो. कारण जो देतो त्याचे आधी ते होते, असे प्रत्येक मुखत्यारपत्र गृहीतच धरते. आणि गीतेचा अठरावा अध्याय तर या गृहीतालाच सुरुंग लावतो. तेथे कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि दैव. कर्ता हा पाचांतला एक. विमान डावीकडे वळते तेव्हा पत्र्याची ताकद, पंखावरचा वारा, दांडे, तारा आणि ढगांची मर्जी हे सारे त्यात भागीदार असतात; ज्या मालमत्तेत आपला पाचवा हिस्सा तिचे कुलमुखत्यारपत्र आपण सोळा आण्यांचे लिहून देतो.

यावर वेदान्ताची अर्धीच पोथी वाचलेला गृहस्थ म्हणेल, की मग प्रकृतीच सर्व करते, मी केवळ साक्षी. आणि असे म्हणून तो आसनावर डोळे मिटील. पण साक्षीदार निजलेला होता असे उलटतपासणीत सिद्ध झाले, तर त्याच्या साक्षीची किंमत काय राहते, हे कोणताही वकील सांगेल. सोलापूरच्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, आणि विणकर स्वस्थपणे येऊन तो जोडतो. विमानाला आकाशात थांबता येत नाही. म्हणून त्याचा मुखत्यार अडचणीत सापडला, की कारभार धन्याच्या अंगावर टाकून मोकळा होतो, आणि तोही बहुधा नेमक्या वाईट घटकेला. साक्षित्व म्हणजे गैरहजेरी नव्हे, हे कित्येक कीर्तनांतून जे उमगत नाही ते या यंत्राच्या एका खटक्यात उमगते.

कित्येक सर्व्होंच्या जोडणीत म्हणूनच एक स्क्रू मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, की जोर लावताच तो तुटावा आणि सुकाणू मनुष्याच्या हाती परत यावे. मोटारीचा जोरही इतकाच ठेवतात की वैमानिकाच्या मनगटाने तिच्यावर मात करावी. उड्डाणापूर्वी जमिनीवरच ही परीक्षा घेण्याचा प्रघात आहे: ऑटोपायलट चालू करावयाचा, तो दांडा धरून बसला की आपण दांडा हलवून पाहावयाचा, प्रथम डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढेमागे, यंत्र किंचित कुरकुरते, विरोध करते आणि मग हटते, नंतर अंगठ्याखालचे बटण दाबावयाचे आणि हातात जे वजन उरते ते आपलेच आहे, याची खात्री करून घेऊन मग धावपट्टीकडे निघावयाचे.