कमरेचे पिस्तूल आणि बूथचा आकडा

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा ऊसगाळपाचा हंगाम सुरू होऊन पाच दिवस झाले होते. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज या बालाघाटाच्या पट्ट्यात याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर पोहोचलेल्या असतात. मतदानाला त्यांना आणायला उमेदवारांच्या गाड्या जातात. तेही कायद्यात बसत नाही, पण त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. रात्रभराच्या प्रवासाने आंबलेले नवरा-बायको झेडपीच्या शाळेत रांगेला लागतात, बोटाला शाई लावून घेतात आणि त्याच गाडीने परत फडावर जातात.

या माणसाच्या हातात वर्षातले पाच-सहा महिने कोयता असतो. तरी कायद्याच्या नजरेत तो सशस्त्र नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यातून केवळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेली वस्तू वगळली आहे. त्याच रांगेशेजारून पांढऱ्या शर्टाखाली परवान्याचे पिस्तूल खोचून जाणारा माणूस मात्र सशस्त्र आहे. मला ही विभागणी योग्य वाटते. कोयत्यावर पोट भरते. पिस्तुलाचे काम एकच, समोरच्याला ते आहे हे कळणे. बाहेर काढले नाही तरी ते काम होतेच.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा असला तरी मतदान केंद्राजवळ हत्यार बाळगण्यावर थेट बंदी घालणारे १३४-ब हे कलम त्यात आले १९९६ साली. निवडणूक निर्णय अधिकारी, केंद्राध्यक्ष, पोलीस आणि बंदोबस्तावर नेमलेली माणसे सोडली, तर मतदानाच्या दिवशी केंद्राच्या परिसरात कोणीही शस्त्र घेऊन फिरायचे नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शस्त्र जप्त होऊ शकते आणि दोष सिद्ध झाला की परवानाही जातो. म्हणजे 'माझ्याकडे लायसन आहे' हे उत्तर त्या दिवशी, त्या जागी चालत नाही. प्रचाराला जशी शंभर मीटरची रेघ आहे तशी इथे नाही. परिसर कुठवर धरायचा हे प्रसंग पाहून ठरते.

हा कायदा लोकसभा-विधानसभेपुरता आहे. ग्रामपंचायत, नगरपालिकेचे कायदे निराळे. तिथे भिस्त मुख्यतः पोलिसांच्या मनाई आदेशांवर. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या आदेशात बंदूक, तलवार, सोटा, लाठी, सगळे येते. भाऊबंदकी सगळ्यांत कडवी असते ती ग्रामपंचायतीला, आणि नेमका तिथेच आधार कलेक्टर-एसपींच्या मुदतीच्या कागदाचा.

शस्त्र परवाना बहुतेकदा मिळतो तो स्वसंरक्षणासाठी. जिवाला धोका आहे असा अर्ज असतो, पोलिसांचा अहवाल असतो. बीड जिल्ह्यात असे परवाने बाराशेच्या वर असल्याचे मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, चर्चेत आले. खरे तर त्या खुनात बंदूक नव्हती. माणूस मारहाणीत गेला. पण त्यानंतर हवेत गोळीबार करणारे, कमरेचे पिस्तूल कॅमेऱ्याला दाखवणारे जुने व्हिडिओ एकामागोमाग एक वर आले. प्रशासनाने फेरतपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. ज्याला जिवाची भीती आहे तो माणूस आपले हत्यार लग्नाच्या वरातीत का दाखवेल, एवढा साधा प्रश्न परवाना देताना कोणी विचारला असता तर पुढची धावपळ वाचली असती.

अमेरिकेत मतदान केंद्राजवळच्या शस्त्राचा वाद हक्काच्या भाषेत चालतो. मिशिगन राज्यात २०२० च्या निवडणुकीआधी मतदान केंद्रापासून शंभर फुटांत उघडपणे बंदूक नेण्यास मनाई करणारा आदेश निघाला आणि मतदानाच्या काही दिवस आधी न्यायालयाने तो रोखला. बंदी कायद्याने यायला तिथे २०२४ उजाडले. आपल्याकडे शस्त्र ही सवलत आहे, हक्क नव्हे. याबाबतीत आपला कायदा मला जास्त शहाणा वाटतो.

पण बंदीची घडी कुठे सुटते तेही पाहिले पाहिजे. निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि कोणाची शस्त्रे जमा करायची ते ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, आधीच्या निवडणुकीत दंगा केलेले यांच्यावर विशेष लक्ष असते. बँकांचे सुरक्षारक्षक, नेमबाजीचे खेळाडू यांना सवलत मिळते. निकालानंतर आठवडा उलटला की शस्त्र मालकाच्या हाती परत.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट गावात आलेली असते: बूथनिहाय आकडे. कोणत्या शाळेच्या कोणत्या खोलीत कोणाला किती मते पडली, याचा तक्ता प्रत्येक उमेदवाराकडे जातो. मोठ्या शहरात हजारभर मतदारांच्या बूथमध्ये एकेकाचे मत झाकून राहते. डोंगरातल्या वाडीवर, तांड्यावर जिथे बूथच दोन-तीनशे मतांचा आणि घरे एकमेकांची सोयरी, तिथे 'तुमच्या वस्तीतून आम्हाला अकराच?' असा प्रश्न चौकात विचारता येतो. मतदान गुप्त राहिले ते एकट्या माणसाचे. वस्तीचे नाही राहिले. आणि प्रश्न विचारणाऱ्याचे हत्यार आता पोलीस ठाण्यात नसून त्याच्या कमरेला असते, रीतसर परवान्यासह.

यावर उपाय नाही असे नाही. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. मतदान यंत्र आले आणि ती सोय गेली. मग २००८ मध्ये निवडणूक आयोगाने टोटलायझर नावाचे यंत्र सुचवले. चौदा बूथपर्यंतच्या यंत्रांची बेरीज एकत्र निघते, सुटा आकडा दिसत नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारला ते पटले नाही. बूथनिहाय आकड्यांवरून कुठे काम कमी पडले ते पक्षांना कळते, असे सांगितले गेले. ते कळत असेलही. कुठे टँकर उशिरा पाठवायचा, कोणाचे घरकुल अडवायचे हेही त्यातूनच कळते.

बीड जिल्ह्यातल्याच घाटनांदूरला त्याच २० नोव्हेंबरला मतदान केंद्रात तोडफोड झाली, यंत्रे फोडली गेली. ते दिसले, कॅमेऱ्यात आले, गुन्हे नोंदले गेले. कॅमेऱ्यात न येणारी भीती कुठल्या कलमात बसवायची? ऊसतोडीहून आलेली बाई बूथमध्ये बटणावर बोट ठेवते तेव्हा कायद्याप्रमाणे तिच्या आसपास एकही खासगी पिस्तूल नसते. तरीही गावातल्या कोणाच्या कपाटात काय आहे आणि मतमोजणीनंतर आपल्या वस्तीचा आकडा कोणाच्या हातात जाणार आहे, हे तिला पक्के ठाऊक असते. चौकातला सवाल पुढे तिच्या नवऱ्याला आणि मुकादमालाच ऐकावा लागतो.

कायद्याने आपल्या परीने एका दिवसाची सोय केली आहे. बाकीचे दिवस परवानाधारकाच्या शहाणपणावर सोडले आहेत. म्हणून या स्तंभाच्या वाचकांत जे परवानाधारक आहेत त्यांना दोन विनंत्या. पुढच्या निवडणुकीत, मग ती ग्रामपंचायतीची का असेना, नोटीस येण्याची वाट न पाहता आपले हत्यार स्वतःहून ठाण्यात नेऊन द्या आणि पावती घ्या. आणि परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरताना जिवाला धोका नेमका कोणापासून आहे ते खरे लिहा. ते नाव सुचत नसेल तर अर्ज भरू नका.