सांधा कुणाचा?

लॅपटॉप बंद करा आणि इकडे बघा. मागच्या बाकावरचेसुद्धा.

तुमच्या उड्डाणपुलाचं थ्री-डी मॉडेल मी काल रात्री उघडलं. रंग सुरेख, डॅशबोर्ड देखणा, प्रगतीची हिरवी पट्टी 94 टक्क्यांवर. मग रुळांवरचा गाळा आणि पोहोचरस्ता जिथे भेटतात, तिथल्या पातळ्या तपासल्या. 340 मिलिमीटरचा फरक! आणि तो दिसू नये म्हणून कुणीतरी वर तिरका स्लॅब चिकटवून दिलाय. लाज वाटली नाही? विचारलं तर उत्तर काय, 'सर, पोहोचरस्ता दुसऱ्या गटाकडे होता.' हे सांगायला चार वर्षं शिकलात?

अंधेरीचा गोखले पूल इतक्यात विसरलात? 3 जुलै 2018 ला त्याचा पादपथ रुळांवर कोसळला, माणसं जिवाला मुकली. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल बंद झाला आणि पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्यांचे हाल कुत्रा खाईना. 26 फेब्रुवारी 2024 ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खाली राहिलेला साऱ्या मुंबईने पाहिला. रुळांवर जास्त उंची सोडायची हा रेल्वेचा नियम काही गुप्त नव्हता. रेल्वे होती, महापालिका होती, सल्लागार होते, नकाशे होते. तरी जुना पूल नव्याला कसा जोडायचा, हे उद्घाटनाआधी कुणी तडीस नेलं नाही. शेवटी व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेऊन, जॅक लावून बर्फीवालाचा तो भाग उचलावा लागला. जोडणीवरून गाड्या धावायला जुलै उजाडला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. लंडनची एलिझाबेथ लाइन ही रेल्वे डिसेंबर 2018 मध्ये सुरू व्हायची होती. बोगदे केव्हाच खोदून झाले होते. पण एकाच गाडीला तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांतून जायचं होतं आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. मुहूर्त हुकणार हे जाहीर व्हायला ऑगस्टचा शेवट आला. गाडी धावली 24 मे 2022 ला.

आता तुमच्या त्या स्लॅबकडे या. पातळ्या नोंदवायच्या लेव्हल बुकात आकडा खोडला तर खाडाखोड दिसते. कुणी खोडला, ते विचारता येतं. तुम्ही मॉडेलमध्ये स्लॅब ओढलात आणि पुरावाच पुसलात. एका साइटवर एकाच खांबाचे तीन बाजूंनी काढलेले फोटो तीन खांब म्हणून अपलोड झालेले मी स्वतः पाहिलेत. प्रगतीची पट्टी तिन्ही वेळा पुढे सरकली. ज्याने फोटो टाकले तो तुमच्याएवढाच होता, आणि त्याच्या अहवालावर विसंबून गर्डर टाकायची तारीख ठरणार होती. खाली उभे राहणारे मजूर तुमचा डॅशबोर्ड बघत नाहीत रे! ते तुमच्या सहीवर भरवसा ठेवतात.

म्हणून आता ऐका. दोन्ही गटांनी सोमवारी सकाळी आठला ऑटो लेव्हल घेऊन मैदानावर यायचं. एकाच बेंचमार्कवरून पातळ्या घ्यायच्या, हाताने लिहायच्या, मग दोन्ही मॉडेलं एका फाइलीत आणायची. तो तिरका स्लॅब ज्याने टाकला, त्याने माझ्यासमोर काढायचा. सांध्याच्या नकाशावर दोन्ही गटप्रमुखांच्या सह्या हव्यात. तोवर या अहवालावर माझी सही मिळणार नाही, विभागप्रमुखांकडे गेलात तरी.