पाचवं कारण

विम्याचे अपघाती दावे तपासण्यात माझी उभी नोकरी सरली. फॉर्मवर 'कारण' असा रकाना असे. तिथं 'दैव' लिहून भागत नसे. म्हणूनच असेल, गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकाशी माझं जरा जास्त जमतं. कुठल्याही कर्माची पाच कारणं तिथं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. आपली माणसं मोजायला शेवटाकडून लागतात आणि तिथंच थांबतात. 'वेळ भरली होती' म्हटलं, की चौकशी संपली.

जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचंच घ्या. 16 जुलै 1999 ला सूर्य मावळल्यावर, पत्नी आणि मेहुणीला घेऊन, स्वतःचं पायपर साराटोगा विमान चालवत ते न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. तिघंही समुद्रात गेले. लोकांनी लगेच 'केनेडी घराण्याचा शाप' काढला. तपास अहवालात शाप नाही. हवा नियमात बसणारी होती, पण पाण्यावर धुरकं आणि अंधार. त्याच संध्याकाळी तिकडून गेलेल्या दुसऱ्या वैमानिकाला बेटावरचा एकही दिवा दिसेना; त्याला वाटलं, बेटाची वीज गेली असावी! क्षितिज हरवलं की कानातला तोल फसवतो. विमान एका पंखावर कलून गोल गोल उतरत असतं आणि शरीर सांगतं, सगळं सरळ आहे. निव्वळ उपकरणं बघून उडण्याचा परवाना केनेडींकडे नव्हता. शेवटी विमान मिनिटाला 4,700 फुटांहून अधिक वेगानं खाली येत होतं.

त्या दिवशी एका प्रशिक्षकानं 'सोबत येतो' म्हटलं होतं. केनेडींनी सांगितलं, हे मला एकट्यानं करायचं आहे.

दोनच श्लोक पुढे गीता म्हणते, की पाच कारणं असताना जो केवळ स्वतःला कर्ता मानतो त्याला दिसतच नाही. कीर्तनात हे अहंकारावर खपतं. मला ते माझ्या रकान्यावरही लागू वाटतं. 'वैमानिकाची चूक' लिहून फाइल बांधणं आणि 'दैव' म्हणून हात झटकणं, दोन्हींत आळस तोच. विमान ठीक होतं, ऑटोपायलटही होता. साधनांना दोष देता येत नाही. धुरकं खुशाल दैवाच्या नावे मांडा. पण सहा आसनांच्या त्या विमानात तिघंच होते, ते मी त्या खात्यावर टाकू देणार नाही.