चालचलणूक

2023 च्या मे महिन्यात बिटको चौकातल्या चहाच्या टपरीवर पेपर आला आणि आमच्यातल्या दोघातिघांना चक्क आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मलाही झाला. पुण्याच्या डीआरडीओतला मोठा माणूस, दिघीच्या प्रयोगशाळेचा संचालक प्रदीप कुरुलकर, 3 मेला एटीएसने धरला होता. आरोप असा की झारा दासगुप्ता या नावाने मोबाईलवर गोड बोलणारी बाई ही पाकिस्तानची हेर होती आणि साहेबाने तिला क्षेपणास्त्रांबद्दलची माहिती दिली. एकजण म्हणाला, बघा, आता कोण देशद्रोही? दुसऱ्याने आडनावावरून जात हुडकायला घेतली. चहा निवून गेला.

हा आनंद कशाचा होता, हे मला तपासायचं आहे. त्या माणसाला वकिलाची वकिली नकोय माझी. आरोप म्हणजे निकाल नव्हे, एवढं बाबासाहेबांच्या घटनेने मला शिकवलंय. मला माझा आनंद तपासायचाय.

पेपरवाल्यांनी त्याच्यासाठी एक शब्द काढला होता : मोहजाळ. हनी ट्रॅप. म्हणजे साहेब जाळ्यात सापडले. जाळं कुणीतरी दुसऱ्यानेच टाकलेलं. आमच्या वस्तीतलं पोरगं सायकलचोरीत सापडलं तर तिथं जाळं नसतं, मोह नसतो. तिथं पोरगंच मुळात तसलं असतं. 2020 च्या ऑक्टोबरात इथल्याच ओझरच्या विमान कारखान्यातला एक कर्मचारी असल्याच आरोपात पकडला गेला. त्याच वर्षी 14 एप्रिलला, ऐन भीमजयंतीला, आनंद तेलतुंबडे एनआयएच्या स्वाधीन झाले. जामीन मिळून बाहेर यायला 2022 चा नोव्हेंबर उजाडला. त्यांच्या बाबतीत आमच्याच कॉलनीतले लोक कोर्टाची वाट बघायला तयार नव्हते. कुरुलकरांच्या बाबतीत तेच लोक म्हणाले, थांबा, चौकशी होऊ द्या. बरोबरच म्हणाले. माझा राग त्यांच्या दुसऱ्या वाक्यावर नाही, पहिल्यावर आहे.

आता कायदा बघा. हेरगिरीचा खटला ज्यावर चालतो तो शासकीय गुपितांचा कायदा 1923 चा, इंग्रजाचा. त्याच्या तिसऱ्या कलमात एक जागा अशी आहे की वाचून मी उठून बसलो. आरोपीने अमुकच एक कृत्य केलं असं दाखवायची गरज नाही. भोवतालची परिस्थिती, त्याची वागणूक, किंवा त्याची ठाऊक असलेली चालचलणूक शाबीत झाली आणि त्यावरून हेतू वाईट दिसला, तरी तो दोषी ठरू शकतो. ठाऊक असलेली. कुणाला ठाऊक? ही चालचलणूक लिहून ठेवतो कोण?

माझा आजा सिन्नर तालुक्यातला येसकर. हातात काठी, रात्रभर वेशीवर. गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा महाराने. शिवेचा तंटा पडला तर शेवटचा शब्द महाराचा, तो म्हणेल ती शीव. इतका इमानी. आणि गावात बैल मेला की पहिला संशय महारवाड्यावर, विष घातलं म्हणून. एकाच माणसाच्या हातात तिजोरी द्यायची आणि त्याच्याच हातात विष बघायचं. ही दोन्ही कामं एकाच डोक्यात बसतात कशी, हे आज्याला कधी उमगलं नाही. वतन 1958 च्या कायद्याने गेलं. संशय वतनात नोंदलेला नव्हता, म्हणून तो राहिला.

हे नुसतं आपलंच दुखणं नाही. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत वेन हो ली नावाचा शास्त्रज्ञ होता, जन्म तैवानचा. अणुबॉम्बची माहिती चीनला गेली असा गवगवा झाला आणि 1999 च्या मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. डिसेंबरात अटक, 59 कलमं, 278 दिवस एकांतकोठडी. शेवटी हेरगिरीचा आरोपसुद्धा नव्हता, गुप्त माहिती गैर रीतीने हाताळल्याचं एकच कलम त्याने कबूल केलं. न्यायाधीश पार्कर यांनी भर कोर्टात त्याची माफी मागितली. त्याने फायली उतरवून घेतल्या होत्या हे खरंय. पण बोट प्रथम त्याच्याकडेच का वळलं, याचं उत्तर त्याच्या तोंडावळ्यात होतं असं त्याच्या बाजूचे लोक म्हणत राहिले. आपल्याकडे इस्रोचे नंबी नारायणन 1994 च्या नोव्हेंबरात धरले गेले. 1996 मध्ये सीबीआयने सांगितलं, प्रकरणात तथ्य नाही. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 50 लाखांची भरपाई दिली. चोवीस वर्षं.

तेव्हा मी म्हणतो, साहेबाला जी सवलत मिळते ती काढून घेऊ नका, ती खाली वस्तीपर्यंत आणा. हे म्हणणं मला सोपं नाही. कारण सांगतो.

1984 च्या सुमारास मी नाशिक रोडच्या एका कारखान्यात होतो. नाव कशाला घ्या. स्टोअरमधून एक मायक्रोमीटर गेला. सुटीच्या भोंग्याला सगळे गेटवर, पण डबे उघडले ते आम्हा चौघांचेच. माझ्या भाकरीचे दोन तुकडे करून बघितलं, आत काय दडवलंय म्हणून. चटणी सांडली. मग साहेबाने मला आत घेतलं, खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्या केबिनमध्ये खुर्ची. म्हणाला, तू शिकलेला आहेस, तुझा संशय कुणावर?

आणि मी सांगितलं.

झाडलोट करणारा एक पारधी पोरगा होता, ठेकेदाराकडचा. त्याला काही घेताना मी बघितलं नव्हतं. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याच्या जातभाईंची चालचलणूक आधीच लिहून ठेवलेली. 1952 ला कायदा गेला, तरी माझ्या जिभेवरून गेला नव्हता. खुर्ची मिळताच मी वेशीवरचा येसकर झालो, गावाच्या बाजूचा. पोराला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं नाही. मायक्रोमीटर पंधरा दिवसांनी एका फोरमनच्या ड्रॉवरात सापडला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मीही नाही.

टपरीवर हसलो तेव्हा हे आठवलं नव्हतं. घरी जाताना जेल रोडला, त्या उंच भिंतीच्या कडेनं चालताना आठवलं. त्याचं नाव आठवायचा लई प्रयत्न केला. मग कळलं की ते मला कधी ठाऊकच नव्हतं. सगळे त्याला पारधी म्हणूनच हाक मारायचे, आणि साहेबाच्या वहीतही मी तेवढंच लिहून दिलं होतं.