पाहिलं म्हणजे शिकलात, असं कोण म्हणालं?

मोबाईल खिशात ठेवा आणि नीट ऐका. मागच्या बाकांवरचेसुद्धा.

ऑनलाइन शिकायला आवडतं का विचारलं, सगळ्यांचे हात वर. जमतं का विचारलं, तरी हात वर. मग कालच्याच व्हिडिओवर चार ओळी लिहा म्हटल्यावर माना का खाली गेल्या?

तेलंगणातल्या पदवी प्रवेशाचा ‘दोस्त’चा ऑनलाइन फॉर्म तुमच्यातल्या कित्येकांनी नेट सेंटरवर भरून घेतला. रील झकास बनवता, पण ई-मेलला फाइल जोडायची वेळ आली की मित्राला हाक मारता. असाइनमेंट एकजण लिहितो, बाकीचे ग्रुपवरून उतरवतात. कसला भरवसा बाळगता स्वतःवर?

२००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने चार सत्रं उतारा नुसता वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचला आणि मग तीनदा कागद मिटून आठवेल ते लिहिलं. आठवड्याने पहिल्या गटाला ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१ टक्के. आणि ‘माझ्या चांगलं लक्षात राहील’ ही खात्री पहिल्या गटालाच जास्त होती! तुमची खात्री त्याच जातीची आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली. उरलेला वर्गातच शिकायचा आहे. तुम्ही मात्र ‘युट्यूबवर आहे की सर’ म्हणून तासच बुडवता.

घरी मराठी, गावात तेलुगू, पुस्तक इंग्रजी. बेला, जैनथ, तामसीकडून येणाऱ्यांची ही अडचण खरी आहे, ती मी जाणतो. पण मग तोच इंग्रजी व्हिडिओ दीडपट वेगाने कशाला पळवता? थांबवायचं बटण तुमच्याचसाठी आहे. थांबा, अडलेला शब्द वहीत लिहा, मागे जाऊन पुन्हा ऐका. उटनूर, नारनूरकडच्या आदिवासी गुड्यांवरून येणाऱ्या पोरांनी रेंज नव्हती म्हटलं, तर मी ऐकून घेईन. शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांनी ती सबब मला सांगू नये.

तुमच्या आईबापांनी कापसाच्या पैशातून हा मोबाईल घेऊन दिलाय. त्याची तरी चाड ठेवा.

सोमवारपासून व्हिडिओ घरी पाहून यायचं. पाहून झाला की तो बंद करून एक पान आपल्या हातानं लिहायचं. मराठीत लिहिलंत तरी चालेल. त्याखाली न कळलेला एक प्रश्न लिहायचा. सगळंच कळलं असेल, तर फळ्यापाशी येऊन वर्गाला समजावून सांगायचं. अडलं तर दहादा विचारा, दहादा सांगेन. पण कोरी वही घेऊन जो येईल, त्याने आधी व्हरांड्यात बसून ते पान पुरं करायचं, मगच वर्गात पाऊल टाकायचं.