फळ कुणाच्या वाट्याला?

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, आता कीर्तन करतो. त्यामुळे पीएचडीची मुलं भेटली की विचारतो: फळ कधी मिळणार? परवा एक मुलगी म्हणाली, "सर, कदाचित माझ्या हयातीत नाही."

ती गुरुत्वीय लहरींवर काम करते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ या लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे, तिच्या भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या. लहर गेली की त्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. भूकंपाची थरथर, रस्त्यावरचे ट्रक, वेधशाळेतल्या आरशांची स्वतःची उष्णता, हा सगळा गोंगाट वेगळा काढत बसायचं, हाच तिचा दिवस.

आइन्स्टाइननं 1916 मध्ये या लहरींचं भाकीत केलं. पहिली नोंद 14 सप्टेंबर 2015 ची. मधल्या काळात, हाती एकही नोंद नसताना, पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या संजीव धुरंधरांनी गोंगाटातून लहर ओळखण्याचं गणित रचलं.

गीतेचा निष्काम कर्मयोग पुष्कळदा 'होईल ते होवो' असा सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. या मुलीला फळाची घाई नाही, पण एक चुकलेला आकडा तिची झोप उडवतो.

औंढ्यालाच विसोबा खेचरांनी नामदेवांना देव नसलेली जागा दाखवायला सांगितलं, अशी कथा आहे. ती ऐकून मुलगी म्हणाली, "लहर नाही असा क्षणही नसतो सर. आपल्याला कळत नाही, एवढंच."

"पण लोकांना उपयोग काय?"

"विचारायलाच हवं. वेधशाळेचे 2,600 कोटी त्यांचेच आहेत."

औंढ्याच्या शाळांत जाऊन हे मराठीत सांगायचं तिनं ठरवलंय. मीही जाणार आहे.