पापाची उतरंड

1 ऑक्टोबर 1946 रोजी न्यूरेंबर्गच्या न्यायालयात दोघांना शिक्षा सुनावली गेली. फ्रिट्झ झाउकेलला फाशी, आल्बर्ट श्पेअरला 20 वर्षं. श्पेअर हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री. कारखान्यांना किती मजूर लागतील, हे तो सांगायचा आणि झाउकेल ते युक्रेन, पोलंड, फ्रान्समधून धरून आणायचा. मार्च 1944 मध्ये, श्पेअरच्याच अखत्यारीतल्या नियोजन मंडळाच्या बैठकीत झाउकेल बोलून गेला की, आलेल्या 50 लाख परदेशी मजुरांपैकी 2 लाखसुद्धा आपखुशीने आलेले नाहीत. म्हणजे मागणारा आणि पुरवणारा, दोघांनाही माल कुठून येतो हे पक्कं ठाऊक होतं.

मग एक फासावर आणि दुसरा तुरुंगात, हे कसं? न्यायाधीशांनी कारणं दिली. युद्ध हरलो आहोत, हे श्पेअरने हिटलरला तोंडावर सांगितलं होतं आणि शेवटच्या दिवसांत कारखाने, पूल उडवून देण्याचा आदेश त्याने हाणून पाडला होता. कारणं खोटी नाहीत. पण मला आणखी एक दिसतं. श्पेअर वास्तुविशारद, सुसंस्कृत घरातला, शांतपणे सामूहिक जबाबदारी स्वीकारणारा. झाउकेल एके काळचा खलाशी आणि कारखान्यातला कामगार, आपण निर्दोष आहोत म्हणून शेवटपर्यंत आकांत करणारा. न्यायासनावर बसलेल्यांना यांतला कोण आपल्यातला वाटला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. श्पेअर 1966 मध्ये सुटला, आठवणी लिहून जगभर गाजला, 1981 मध्ये वारला. ज्यूंच्या संहाराबद्दल एसएसचा प्रमुख हिमलर याने ऑक्टोबर 1943 मध्ये भाषण केलं, त्याला आपण हजर नव्हतो, असं तो जन्मभर सांगत राहिला. 2007 मध्ये त्याचं एक जुनं पत्र बाहेर आलं. त्यात हजेरीची कबुली होती.

जगातल्या सर्वांत जाणत्या वकिलांनी, ढीगभर कागदपत्रं समोर ठेवून, महिनोन् महिने साक्षी काढून लावलेल्या क्रमाची ही गत. मग हिटलर मोठा पापी की स्टालिन, की माओ, अशा गप्पा आपण चहाच्या कपाबरोबर मिटवतो, त्यांचं काय? त्या गप्पांत मोजमाप एकच असतं: मृतांचा आकडा. चीनमध्ये माओच्या ‘मोठ्या झेपे’नंतरच्या (ग्रेट लीप फॉरवर्ड) दुष्काळात किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अंदाजांतला फरकच तीन कोटींचा! बेल्जियमचा राजा लिओपोल्ड 1885 ते 1908 काँगोचा खासगी मालक होता. तिथे त्याने कधी पाऊलही टाकलं नाही. रबराच्या हव्यासापायी तिथे किती माणसं संपली, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, कारण आधी किती होती याचीच शिरगणती नाही. आकड्यावर क्रम लावायचा तर वही न ठेवणाऱ्याला कर माफ, असाच हिशेब होतो.

आणि क्रम लावणाऱ्याला बहुतेक वेळा वरच्या नावाशी देणंघेणं नसतंच. त्याला खालच्या कुणाला तरी वाचवायचं असतं. ‘हिटलरइतका तर नव्हता ना?’ या प्रश्नाने जितक्या माणसांना चारित्र्याचे दाखले वाटले, तितके कुठल्याच मामलेदाराने वाटले नसतील.

तरी तुलना सोडता येत नाही. शिक्षा द्यायची म्हणजे कमी-जास्त ठरवणं आलंच. पण ती करायची कशी? अमेरिकी इतिहासकार माईक डेव्हिस यांनी एका तक्त्यात दोन शिधे शेजारी मांडले: नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतला आणि भारतातल्या 1877 च्या दुष्काळी कामांवरचा. बुखेनवाल्डचा 1,750 उष्मांकांचा, आपल्याकडचा 1,627 चा. वाचताना अंगावर काटा येतो, पण हा तक्ता पुरा नाही. छावणी माणसांना चिरडण्यासाठीच उभारलेली होती. दुष्काळी कामं कागदोपत्री तरी जगवण्यासाठी होती. उष्मांकांच्या रकान्यात हेतू मावत नाही.

आपल्याकडच्या शिध्यामागचा माणूस रिचर्ड टेंपल. 1874 मध्ये बिहारमध्ये पीक बुडालं, तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला आणि भूकबळी जवळजवळ होऊच दिले नाहीत. त्याबद्दल त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. जानेवारी 1877 मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्याला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत धाडलं, ते खर्च आवळायला. टेंपलने दर ठरवला: दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम अर्धा शेर, आणि वर एक आणा. बाया-पोरांना त्याहून कमी. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ही मजुरी नाकारून कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात 50 लाखांहून अधिक माणसं दगावली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

लिटन वरचा, हुकूम त्याचा. तरीही माझ्या लेखी टेंपलचं पाप जड आहे. बाजारात हात घालू नये, या तत्त्वावर लिटनची आंधळी श्रद्धा होती. टेंपलची नव्हती, किंवा असायला नको होती. धान्य आणलं तर माणसं जगतात, हे त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तीनच वर्षांपूर्वी त्याने ते स्वतः करून दाखवलं होतं. समोर दुसरी वाट होती का, ती दिसत होती का आणि न जाण्यात स्वतःचा फायदा किती होता, एवढं मी पाहतो. श्पेअरलाही याच प्रश्नांनी मी झाउकेलच्या खाली ठेवू शकत नाही. मात्र टेंपलसाठीचा हा काटा माओला लावायला गेलो तर चालेलच असं नाही. तिथे खोटे पीकपाण्याचे आकडे वर पाठवणारी हजारो माणसं मधे उभी आहेत आणि कुणाला काय दिसत होतं, हे प्रत्येकाचं वेगळं.

टेंपलच्या बाजूने एक म्हणणं नेहमी येतं: त्याने नकार दिला असता तर दुसरा कुणी आला असता. आला असताही. पण मद्रासचा आरोग्य आयुक्त डॉक्टर कॉर्निश यानेही तेच उपाशी मजूर पाहिले. एका पौंडावर राबणारं शरीर टिकत नाही, किमान दीड पौंड धान्य आणि वर डाळ-भाजी हवी, असं त्याने लेखी बजावलं, टेंपलशी उघड वाद घातला, आणि 1877 मध्येच मद्रास सरकारला शिधा वाढवून सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ द्यावी लागली. कॉर्निशही त्याच सरकारचा पगारी नोकर होता.